वर्षअखेरचा महिना व त्यांतील स्मरणीय दिवस

डिसेंबर महिना उजाडला कीं विद्यार्थ्यांचें सारें लक्ष एका गोष्टीकडे लागतें. ती म्हणजे नाताळची सुटी. ही सुटी कशाची, असें वर्गांत विचारलें तर कोणताही मुलगा 'ख्रिस्तजयंतीची' म्हणून सांगेल, आणि तें बरोबरच आहे. परंतु ती जयंती २५ तारखेसच कां, ज्या महिन्याच्या नांवाचा अर्थ 'दहावा' तो बारावा कसा, आणि आपल्या देशाच्या इतिहासांतील इतक्या घडामोडी नेमक्या याच आठवड्यांत कां झाल्या, असें पुढें विचारलें म्हणजे वर्ग गप्प होतो. या प्रश्नांचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे. पालकांनींही तो वाचावा अशी विनंती आहे. कारण यांतील कांहीं प्रसंग आपल्याच रायगड जिल्ह्यांत घडलेले आहेत, आणि घरांतील वडील माणसांस त्यांविषयीं मुलांपेक्षां अधिक सांगतां येईल.

प्रथम नांव. लॅटिन भाषेंत 'डेसेम' म्हणजे दहा. आपला 'दशम' आणि हा 'डेसेम' एकाच कुळांतले होत, हें उच्चारावरूनच ध्यानांत येईल. प्राचीन रोमन लोकांचें वर्ष मार्चांत सुरू होत असे. त्या हिशेबानें सप्टेंबर सातवा, ऑक्टोबर आठवा, नोव्हेंबर नववा व डिसेंबर दहावा. पुढें जानेवारी व फेब्रुवारी हे महिने वर्षाच्या आरंभीं आले, पण जुनीं नांवें तशींच राहिलीं. पांचव्या व सहाव्या महिन्यांस मात्र जूलियस सीझर व ऑगस्टस यांचीं नांवें मिळून त्यांचे जुलै व ऑगस्ट झाले. सीझरच्या पूर्वीं डिसेंबर २९ दिवसांचा होता, इ. स. पूर्वीं ४५ या वर्षापासून त्यानें जी नवी कालगणना चालू केली तींत तो ३१ दिवसांचा झाला. आमच्या सुटीच्या महिन्यांत दोन दिवसांची भर घातल्याबद्दल विद्यार्थ्यांनीं त्या रोमन सेनानीचे आभारच मानले पाहिजेत!

या महिन्यांतील सर्वांत जुना दिवस कोणत्याही मनुष्यानें ठरविलेला नाहीं. २१ किंवा २२ डिसेंबरास सूर्य दक्षिणेकडील आपल्या प्रवासाच्या शेवटास पोहोंचतो व उत्तरेकडे वळतो. त्या दिवशीं आपल्या बेलपाड्यास दिवस सुमारें ११ तासांचा असतो. वर्षांतला हा सर्वांत लहान दिवस. हें पुस्तकांतून पाठ करण्यापेक्षां अंगणांत पाहावें. एक मीटर लांबीची सरळ काठी सपाट जागीं उभी रोवावी. आपलें घड्याळ ८२॥ अंश रेखांशाच्या वेळेप्रमाणें चालतें आणि आपण सुमारें ७३ अंशांवर आहोंत; म्हणून आपली खरी मध्यान्ह बारा वाजतां होत नाहीं, तर त्या दिवसांत १२ वाजून ३६ मिनिटांच्या सुमारास होते. त्या वेळीं काठीची सावली मोजल्यास ती सुमारें ९२ सेंटिमीटर भरेल. वर्षांतील कोणत्याही दिवशीं मध्यान्हीची सावली याहून लांब पडत नाहीं. हीच काठी मे महिन्याच्या मध्यास पुन्हां पाहावी. मध्यान्हीं तिची सावली नाहींशी झालेली आढळेल.

आतां कोणी चतुर विद्यार्थी म्हणेल कीं, सूर्य जर २२ डिसेंबरास उत्तरेकडे वळतो, तर आपण संक्रांत १४ जानेवारीस कां करतों? हा प्रश्न उत्तम आहे. आपलें पंचांग सूर्याची गति ताऱ्यांच्या संदर्भानें मोजतें. ऋतु मात्र पृथ्वीच्या आंसाच्या कलण्यावर अवलंबून असतात, आणि तो आंस भोंवऱ्याप्रमाणें अत्यंत मंद गतीनें डुलतो. त्यामुळें ताऱ्यांची राशि आणि ऋतूंचा दिवस यांत सुमारें ७२ वर्षांस एक दिवस याप्रमाणें अंतर पडत जातें. सुमारें सतराशें वर्षांपूर्वीं सूर्याचा मकरप्रवेश आणि उत्तरायणाचा आरंभ एकाच वेळीं होत असत. पुढें सूर्य आपल्या जागीं वळत राहिला आणि संक्रांत पुढें सरकत गेली.

नाताळाची कथाही कांहींशी अशीच आहे. बायबलांत ख्रिस्तजन्माची तारीख दिलेली नाहीं. रोम येथें २५ डिसेंबर हा दिवस पाळला जात असल्याचा सर्वांत जुना उल्लेख इ. स. ३३६ चा आहे. पूर्वेकडील कांहीं मंडळ्या ६ जानेवारी पाळीत, आणि आर्मेनियन मंडळी अद्यापही तोच दिवस पाळते. २५ डिसेंबरच कां निवडला, याविषयीं विद्वानांचीं दोन मतें आहेत. एक असें कीं, रोमन लोक सीझरच्या कालगणनेंत सूर्याच्या वळण्याचा दिवस २५ डिसेंबर मानीत, व त्या सूर्योत्सवाच्या जागीं ख्रिस्तोत्सव आला. दुसरें असें कीं, मरीयेस दूताचा निरोप २५ मार्चास मिळाला असें मानून तेथून नऊ महिने मोजले. मला दुसरें मत अधिक पटतें, तथापि विद्यार्थ्यांनीं दोन्ही ध्यानांत ठेवावीं. सीझरचें वर्ष खऱ्या सौर वर्षापेक्षां सुमारें ११ मिनिटांनीं लांब होतें. ती चूक साचत साचत १५८२ पर्यंत दहा दिवसांवर गेली. तेव्हां पोप तेरावे ग्रेगरी यांनीं त्या वर्षीं ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशीं १५ ऑक्टोबर मानावा असें ठरविलें.

येथें आपल्या कोंकणाचा संबंध येतो. ही सुधारणा पोर्तुगालनें तत्काळ स्वीकारली. इंग्लंडनें मात्र पोपची आज्ञा म्हणून ती १७५२ पर्यंत मानली नाहीं. आतां सतराव्या शतकाच्या अखेरचें चित्र डोळ्यांपुढें आणा. मुंबई बेट इंग्रजांकडे. साष्टी व वसई पोर्तुगीजांकडे. मध्यें माहीमची खाडी. खाडीपलीकडे वांद्र्यास नाताळच्या घंटा वाजत तेव्हां अलीकडे माहीमच्या इंग्रज कारकुनाच्या वहींत तारीख असे १५ डिसेंबर! एकाच प्रभूचा जन्मदिवस, आणि एका होडीच्या अंतरावर दहा दिवसांचा फरक. १७०० नंतर हा फरक अकरा दिवसांचा झाला. या गोष्टीचें महत्त्व केवळ गंमतीपुरतें नाहीं. रायगडावरील श्रीशिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही जी तारीख आपण पाठ करतों ती जुन्या इंग्रजी गणनेची आहे. ग्रेगरीच्या गणनेप्रमाणें त्या दिवशीं १६ जून होता. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी ही तिथी मात्र दोन्हींकडे एकच. इतिहासाचा अभ्यास करणारानें तारीख वाचतांना ती कोणाच्या वहींतली, हें अवश्य पाहावें.

आपल्या देशी तिथींचें चालणें निराळें. मार्गशीर्ष महिना बहुतेक डिसेंबरांत येतो. जेजुरीच्या खंडोबाची चंपाषष्ठी, मार्गशीर्षांतील गुरुवारचीं लक्ष्मीव्रतें, गीताजयंती आणि पौर्णिमेची दत्तजयंती हे या महिन्याचे मुख्य दिवस. दत्तजयंती २०२२ मध्यें ७ डिसेंबरास आली. २०२३ मध्यें २६ डिसेंबरास. २०२४ मध्यें १४ आणि २०२५ मध्यें ४ डिसेंबरास. ही चंचलता कशानें? बारा चांद्र महिन्यांचे सुमारें ३५४ दिवस होतात. म्हणून तिथी दरसाल दहा-बारा दिवस मागें येते, आणि अधिक महिना आला कीं एकदम पुढें जाते. २०२३ सालीं श्रावण अधिक होता, म्हणून ती उडी. मुसलमान बंधूंच्या हिजरी वर्षांत अधिक महिना नसतो. त्यामुळें त्यांचे सण सुमारें ३३ वर्षांत साऱ्या ऋतूंतून फिरून येतात. २००० व २००१ या दोन्ही वर्षीं रमजान ईद डिसेंबरांतच आली होती.

तिसरी चांद्र गणना यहुद्यांची. तिच्यांतही आपल्याप्रमाणें अधिक महिना असतो, म्हणून त्यांचा हनुक्का नांवाचा दीपोत्सव नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या अखेरीपर्यंतच हालतो. पनवेल तालुक्यांतील मुलांस हा सण परका वाटूं नये. आपल्या किनाऱ्यावर बेने इस्राएल नांवाचा यहुदी समाज शतकानुशतकें नांदत आला आहे. नौगांवच्या किनाऱ्याशीं गलबत फुटून वांचलेल्या सात जोडप्यांपासून आपण झालों, अशी त्यांची परंपरागत समजूत आहे. ते घाणे चालवीत व शनिवारीं काम बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणत. गांवांवरून त्यांचीं आडनांवें पडलीं : पेणकर, रोहेकर, पनवेलकर. त्यांची बोली मराठी. पनवेल येथें १८४९ सालीं बांधलेलें 'बेथ एल' म्हणजे 'देवाचें घर' या नांवाचें त्यांचें प्रार्थनामंदिर आहे. १९४८ नंतर या समाजांतील बहुसंख्य कुटुंबें इस्राएलास गेलीं.

हनुक्का हा इ. स. पूर्वीं १६४ या वर्षीं यरुशलेमचें मंदिर परकी राजाच्या तावडींतून सोडवून शुद्ध केल्याच्या स्मरणार्थ आठ दिवस पाळतात. आश्चर्य असें कीं, आपल्या कोंकणांतील बेने इस्राएलांस हा सण पूर्वीं ठाऊकच नव्हता! शब्बाथ, सुंता व 'शेमा' ही प्रार्थना त्यांनीं जतन केली होती. परंतु हनुक्का त्यांस कोचीनच्या यहुद्यांशीं संबंध आल्यावर कळला. यावरून कांहीं अभ्यासकांनीं अनुमान केलें कीं, त्यांचे पूर्वज त्या शुद्धीकरणापूर्वींच मायदेश सोडून निघाले असले पाहिजेत. इतरांच्या मतें इतक्या एकांतवासांत तो विसरला गेला असावा. कोणतें खरें असो. एखादा समाज कोणते दिवस पाळतो यावरून त्याचा इतिहास कळतो, तसाच तो कोणते पाळीत नाहीं यावरूनही कळूं शकतो. शुभवर्तमान वाचणाऱ्या मुलांनीं योहानाचा दहावा अध्याय काढावा. येशू त्या सणाच्या वेळीं मंदिरांत होता आणि तेव्हां हिंवाळा होता, असें तेथें लिहिलें आहे.

आतां नियत तारखांचे दिवस. ते पुष्कळ आहेत. सर्व सांगत बसल्यास लेखाची यादी होईल, म्हणून थोडकेच घेतों. ३ डिसेंबर १५५२ रोजीं संत फ्रान्सिस झेव्हियर यांचा चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर अंत झाला; जुन्या गोव्यास त्यांचा सण याच तारखेस भरतो. १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईंत काळबादेवीस परदेशी कापडाची मोटार अडवितांना बाबू गेनू हा गिरणी कामगार चिरडला जाऊन मरण पावला. २२ डिसेंबर १८८७ हा गणिती रामानुजन यांचा जन्मदिवस. अपूर्णांकांस भिणाऱ्या मुलांनीं तो भक्तिभावानें पाळावा. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा पोर्तुगीज सत्तेंतून मुक्त झाला. ती सत्ता गेली, पण 'नाताळ' हा पोर्तुगीज शब्द आमच्या भाषेंत इतका रुजला आहे कीं, तो परका आहे हें सांगितल्यावांचून कळत नाहीं. २४ डिसेंबर १८९९ रोजीं पालगड येथें साने गुरुजींचा जन्म झाला. अंमळनेरच्या शाळेंतील या शिक्षकाची ओळख महाराष्ट्रांतील मुलांस करून देण्याची गरज नाहीं.

६ डिसेंबर या तारखेस मात्र थोडें थांबलें पाहिजे. १८६१ सालीं या दिवशीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं नारायण वामन टिळक जन्मले. ब्राह्मण कुळांत जन्मून १८९५ सालीं ते ख्रिस्ती झाले आणि मराठी ख्रिस्ती मंडळीस त्यांनीं अस्सल मराठी वळणाचीं भजनें दिलीं. त्याच तारखेस १९५६ सालीं दिल्लींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें महापरिनिर्वाण झालें. दुसऱ्या दिवशीं दादरच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांच्या देहास अग्नि देण्यांत आला. पुढें अवघ्या दोन आठवड्यांनीं, २० डिसेंबरास, गाडगे महाराज गेले. महाराष्ट्रास त्या डिसेंबरानें एकापाठोपाठ दोनदां पोरकें केलें.

आतां नाताळच्या सुटीचा प्रश्न. इंग्रजी अमलांत नाताळच्या आठवड्यांत न्यायकचेऱ्या, सरकारी कचेऱ्या व शाळा बंद असत. वकील, शिक्षक, संपादक वगैरे मंडळींस एकत्र जमण्यास वर्षांत यासारखा दुसरा अवकाश नव्हता. राष्ट्रीय सभेचें पहिलें अधिवेशन पुण्यास भरावयाचें होतें. परंतु तेथें कॉलरा उद्भवल्यामुळें तें २८ डिसेंबर १८८५ रोजीं मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत भरलें व ७२ प्रतिनिधि हजर राहिले. पुढें बहुतेक अधिवेशनें याच आठवड्यांत झालीं : नागपूर १८९१, पुणें १८९५, अमरावती १८९७, पुन्हां नागपूर १९२०. १८८९ च्या मुंबईच्या अधिवेशनास प्रथमच स्त्रिया प्रतिनिधि म्हणून आल्या, आणि त्यांत पंडिता रमाबाई होत्या. १९०७ सालीं सुरतेस मात्र एका पक्षाचा जोडा व्यासपीठावर येऊन पडला आणि सभा मोडली. नाताळच्या आठवड्यांत शांतीच नांदते असें समजण्याचें कारण नाहीं! १९२४ सालीं बेळगांवास महात्मा गांधी अध्यक्ष झाले. त्यांनीं अध्यक्षपद भूषविलेलें हें एकच अधिवेशन. १९३६ सालीं खानदेशांतील फैजपूर येथें खेड्यांत भरलेलें पहिलें अधिवेशन झालें. तेंही डिसेंबरांतच.

याच सुटीच्या दिवसांत आपल्या जिल्ह्यांत जें घडलें तें मी दर वर्षीं वर्गांत सांगतों. रायगड जिल्ह्याचें नांव तेव्हां कुलाबा होतें. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावे असा ठराव १९२३ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत सीताराम केशव बोले यांनीं मांडला व तो संमत झाला. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेनें आपलें चवदार तळें १९२४ सालीं खुलें केलें. परंतु तें खुलें राहिलें कागदावर. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं परिषदेच्या लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यालें. त्याबद्दल लोकांस मार बसला, आणि गांवच्या कांहीं मंडळींनीं तळें 'शुद्ध' करून घेतलें. ऑगस्टांत नगरपालिकेनें आपला ठरावही मागें घेतला. ज्या तळ्यावर जनावरास मज्जाव नव्हता तेथें माणूस ओणवा होऊन ओंजळभर पाणी प्याला, तर तें बाटलें!

म्हणून दुसरी परिषद ठरली, आणि ती ठरली नाताळच्या सुटींत : २५ डिसेंबर १९२७ पासून. मंडपास गांवांत कोणी जागा देईना. शेवटीं फत्तेखान नांवाच्या मुसलमान गृहस्थानें आपली जमीन दिली. मुंबईहून मंडळी आगबोटीनें दासगांव बंदरास उतरून महाडास पोहोंचली. त्या रात्रीं मनुस्मृतीचें दहन झालें; तो ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे जातीनें ब्राह्मण होते, ही गोष्ट विसरतां कामा नये. तळ्यावर पुन्हां जाण्यास मात्र त्याच महिन्यांत दिवाणी कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम आला होता. हजारों लोक सत्याग्रहास सिद्ध होते. अशा वेळीं डॉ. आंबेडकरांनीं कोर्टाचा निकाल लागेपर्यंत तळ्यावर न जाण्याचा निर्णय घेतला व लोकांनीं तो मानला. मिरवणूक निघाली, पण पाण्यास कोणीं हात लावला नाहीं. तो निकाल पुढें हायकोर्टापर्यंत जाऊन १७ मार्च १९३७ रोजीं अस्पृश्यांच्या बाजूनें लागला. दहा वर्षें! आमच्यांतील ज्यांस परीक्षेच्या निकालाचे दहा दिवस कंठवत नाहींत त्यांनीं ही संख्या दोनदां वाचावी.

कित्येक पालक विचारतात कीं, नाताळच्या शुभदिवशीं मुलांस ही कडू हकीकत कशाला? माझें उत्तर असें कीं, गव्हाणींत निजलेल्या बाळास उतारशाळेंत जागा नव्हती, हें आम्ही मुलांस दर वर्षीं नाटक करून दाखवितों. मग मंडपास जागा नव्हती व तळ्याचें पाणी नव्हतें, हें सांगण्यास संकोच कां वाटावा? महाड दूर नाहीं. सुटींत रायगड पाहावयास जाणाऱ्या कुटुंबांनीं वाटेंत चवदार तळ्याशीं अर्धा तास थांबावें.

राहतां राहिला ३१ डिसेंबर. अलीकडे तो रात्रीं जागण्याचा दिवस झाला आहे. इतिहासांतही त्यानें पुष्कळांची झोंप उडविली आहे. ३१ डिसेंबर १६०० रोजीं इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीनें ईस्ट इंडिया कंपनीस सनद दिली. बरोबर २०२ वर्षांनीं, ३१ डिसेंबर १८०२ रोजीं, यशवंतराव होळकरांकडून पुण्याजवळ पराभूत होऊन पळालेल्या दुसऱ्या बाजीरावानें वसई येथें त्याच कंपनीशीं तह केला. तिची फौज आपल्या राज्यांत ठेवून घेतली व खर्चासाठीं २६ लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. ज्या वसईसाठीं १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या सैन्यानें रक्त सांडलें, त्याच वसईंत पेशव्यानें आपलें स्वातंत्र्य लिहून द्यावें, हा दैवाचा खेळ म्हणावा कीं घरच्या भांडणाचें फळ? प्रस्तुत लेखकाच्या मतें दुसरें.

आणि ३१ डिसेंबर १९२९ च्या मध्यरात्रीं लाहोरास रावी नदीच्या कांठीं पंडित जवाहरलाल नेहरूंनीं तिरंगा फडकाविला. आतां ध्येय संपूर्ण स्वराज्याचें, असें त्या अधिवेशनांत ठरलें होतें, आणि देशभर तशी प्रतिज्ञा घेण्यासाठीं २६ जानेवारी १९३० हा दिवस नेमण्यांत आला. वीस वर्षांनंतर आपली राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं मंजूर झाली. परंतु ती अमलांत आणण्यासाठीं दोन महिने थांबून २६ जानेवारी १९५० हा दिवस धरला, तो त्या प्रतिज्ञेच्या स्मरणार्थ.